डोमेनमध्ये उबुंटू जोडताना आलेला अनुभव

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि आमच्या ऑफिसातले अर्धेअधिक पीसी इंटेल प्रोसेसरच्या सहाव्या-सातव्या जनरेशनचे, म्हणजे विंडोज 11 अधिकृतपणे टाकताच येत नाही, नवीन मशीन घ्यायला साहेब तयार नाहीत, मग ठरलं की टॅली आणि अकाउंट्स विंडोजवरच राहू देत, बाकीच्यांना उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार). पण लॉगिन एकच हवं, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचं (मायक्रोसॉफ्टची सोय, ऑफिसातली सगळी खाती आणि पासवर्ड एका सर्व्हरवर; त्या सगळ्या मशीनच्या गटाला डोमेन म्हणतात). दोन-दोन पासवर्ड दिले असते तर लोकांनी दोन्ही मॉनिटरला चिकटवले असते.

व्हिडिओत सगळं सोप्पं दिसतं, रिअल्मडी आणि एसएसएसडी (लिनक्सला डोमेनशी जोडणारी सॉफ्टवेअर) टाका, रिअल्म जॉइन ही कमांड मारा, झालं. आमच्याकडे मुळात डोमेनच सापडेना. गंमत म्हणजे एनएसलुकअप (नावाचा आयपी विचारणारी कमांड) केलं की सर्व्हरचा आयपी बरोबर यायचा आणि त्याच नावाला पिंग केलं की असं नावच नाही म्हणायचं! कारण काय, तर सर्व्हर बसवताना कोणीतरी डोमेनच्या शेवटी डॉट लोकल ठेवलंय, आणि उबुंटू डॉट लोकल बघितलं की डीएनएसला (नावावरून आयपी सांगणाऱ्या सर्व्हरला) विचारतच नाही, नेटवर्कवर मल्टिकास्टने, म्हणजे सगळ्यांना एकदम, हाक मारतं (प्रिंटर वगैरे असेच सापडतात), कोणी ओ दिली नाही की विषय बंद. एनएसलुकअप थेट डीएनएसकडे जातं म्हणून त्याला काही अडत नाही. ईटीसी फोल्डरमधल्या एनएसस्विच फाइलीत (नाव कुठे आधी शोधायचं ते इथे ठरतं) होस्ट्सच्या ओळीवर डीएनएस पुढे आणलं, डोमेन लगेच दिसलं. डोमेनचंच नाव बदला असा सल्लाही मिळाला, पण चालू ऑफिसात तो उद्योग कोण करणार.

मग घड्याळ. कर्बेरॉसला (डोमेनमध्ये लॉगिन तपासणारी पद्धत) सर्व्हर आणि मशीनच्या वेळेत डीफॉल्टला 5 मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. स्टोअरमधले काका रोज सकाळी फोन करायचे, "अरे, पासवर्ड बरोबरच टाकतोय मी, काल चालत होता की." जाऊन बघितलं तर मदरबोर्डचा सेल मेलेला, रात्री मेन स्विच बंद झाला की तारीख मागे, आणि बाहेरचा टाइम सर्व्हर फायरवॉलने अडवलेला. नवीन सीआर2032 टाकला आणि सगळ्या मशीनवर क्रोनीला (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) वेळ डोमेन कंट्रोलरकडूनच, म्हणजे डोमेनच्या मुख्य सर्व्हरकडूनच, घ्यायला लावली. ड्युअल बूट (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही) असेल तर अजून एक लफडं, विंडोज बायोसमध्ये लोकल वेळ लिहितं आणि लिनक्स तीच यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजतं, म्हणजे सरळ साडेपाच तासांचा फरक.

लॉगिन होऊन परत लॉगिन स्क्रीनवरच येत असेल तर बहुतेक वेळा होम फोल्डर तयार झालेलं नसतं, पॅममध्ये (लिनक्सची लॉगिन यंत्रणा) एमकेहोमडिर, म्हणजे ते फोल्डर आपोआप बनवणारा पर्याय, चालू करा, बास.

शेअर फोल्डर आरामात जोडले गेले. अडला तो जुना स्कॅनर, त्याला फक्त एसएमबी1 (फाइल शेअरिंगची जुनी, असुरक्षित पद्धत) येतं, सर्व्हरवर ते बंद आहे आणि नवीन सांबातही (लिनक्सवरचं फाइल शेअरिंगचं सॉफ्टवेअर) 4.11 पासून डीफॉल्टला बंदच असतं. एका स्कॅनरसाठी ते भोक परत उघडायचं नाही असं साहेबांना स्पष्ट सांगितलं, स्कॅन आता मेलने येतात, अकाउंट्सच्या मॅडम अजून कुरकुरतात.