हो, दिसलं

गुढीपाडवा, ९ एप्रिल २०२४

काल रात्री मी बाबांशी खोटे बोलले, आणि ते इतक्या सहज बोलले की आज दिवसभर तेच डोक्यात घोळते आहे. खग्रास सूर्यग्रहण पाहायला अमेरिकेतल्या रॉचेस्टरला गेलो होतो, तिथून परतताना आम्ही गाड्यांच्या रांगेत अडकलो होतो. मिरजेत तेव्हा पाडव्याची सकाळ उजाडली होती. "दिसलं का गं?" एवढेच बाबांनी विचारले. "हो, दिसलं," मी म्हणाले. तेवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. पण सूर्य झाकताना शेवटचा किरण चमकतो ती 'हिऱ्याची अंगठी' कशी झळकली आणि काळ्या बिंबाच्या खालच्या कडेला गुलाबी ठिपका कसा दिसत होता, हेही मी सांगून टाकले. तो ठिपका दादाच्या फोटोतला. दादा क्लीव्हलंडला होता आणि तिथे सूर्य दिसला होता.

न्यू जर्सीतल्या एडिसनपासून सुमारे पाचशे किलोमीटरचा प्रवास, दोन दिवसांची रजा, चौपट भाड्याची खोली, आणि ३ वाजून २० मिनिटांनी सुरू झालेल्या खग्रास अवस्थेच्या त्या ३ मिनिटे ३८ सेकंदांत सूर्य एकदाही दिसला नाही. ग्रहणाचे चष्मे पाकिटातून बाहेरसुद्धा निघाले नाहीत. सगळे ढग माझ्याच वाट्याला का, असे वाटून रडू यायचे तेवढे बाकी होते. सुरतेलाही हेच झाले होते. २२ जुलै २००९ रोजी, ऐन पावसाळ्यात, बाबा आणि मी तिथे गेलो होतो. सकाळी सहा-वीसच्या सुमारास अंधारले, तीनेक मिनिटांनी पुन्हा उजाडले, आणि वर पाहायला ढगच होते. रात्री घरी पोहोचलो तेव्हा आजीने मांडलेले दीप अमावास्येचे दिवे अजून तेवत होते. "दिसलं का रे?" तिने विचारले. "दिसलं की," बाबा म्हणाले. मी अकरावीत होते. आजीला फसवले म्हणून दोन दिवस बाबांशी अबोला धरला. त्यांनीही कधी खुलासा केला नाही. आजीला ते खरे वाटले होते का, कोण जाणे. असो.

खरे तर सांगण्यासारखे पुष्कळ होते. ढगांची खालची बाजू नैर्ऋत्येकडून काळी पडत आली, ऑन्टारिओ सरोवरावरचे पक्षी गप्प झाले, पार्किंगमधले दिवे आपोआप लागले, आणि वर काहीही दिसत नसताना आजूबाजूची सगळी माणसे माना वर करूनच उभी राहिली. बाबांना हे ऐकायला आवडले असते. मग सांगितले का नाही? त्यांना वाईट वाटू नये म्हणून, अशी मी काल स्वतःची समजूत घातली, परंतु ती टिकत नाही. त्यांचे "अरेरे" मला ऐकायचे नव्हते, एवढेच खरे. बाबांना तरी त्या रात्री आजीचे काय ऐकायचे नव्हते? "पावसाळ्यात कुठे निघालास, म्हणत होते ना मी," हेच बहुधा.

बरे, खोटे बोलायचेच होते तर ते नीट तरी बोलायचे. दादाने आज घरच्या ग्रुपवर तोच फोटो टाकला आहे. तोच गुलाबी ठिपका, त्याच कडेला. बाबांनी त्याखाली लिहिले आहे, "हिलाही अगदी असाच दिसला." शेवटी पूर्णविराम आहे. बाबा एरवी पूर्णविराम देत नाहीत.

मी नुसता अंगठा पाठवला.