तयार टेक्स्टव्ह्यू असताना हा खटाटोप कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आर्वीकडच्या खेड्यात बसून मी शेतमालाच्या भावांचं ॲप लिहितो, हे कळलं की पुण्या-मुंबईचे मित्र हमखास विचारतात, "अँड्रॉइडमध्ये मजकूर दाखवायला टेक्स्टव्ह्यू आयताच मिळतो, मग अक्षरांवर एवढा वेळ का घालवतोस?"

टेक्स्टव्ह्यू चांगलाच आहे हो. गोची होते ती आपण त्याला ठरावीक उंचीत कोंबतो तेव्हा. डिझाइन बहुधा इंग्रजी मजकूर टाकून आखलेलं असतं आणि ओळीची उंची तेवढ्यापुरती बांधून टाकलेली असते. त्या चौकटीत 'तूर' टाका. खालचा ऊकार कापला जातो नि उरतं 'तर'. 'आर्वी'चा रफार आणि वेलांटी वरून उडाली की 'आवा'. भाव बरोबर, गाव मात्र नकाशावर नाही! त्यात नीटनेटकं दिसावं म्हणून कोणी 'इन्क्लूड फाँट पॅडिंग', म्हणजे अक्षरांच्या वर-खाली थोडी जादा जागा सोडायची सोय, बंद केलेली असेल, तर मात्रांना उरलीसुरली जागाही जाते. म्हणून माझं पहिलं काम उंची मोकळी सोडण्याचं.

दुसरं काम आकाराचं. आमच्याकडे साठीपुढची माणसं नवा फोन घेतला की नातवाकडून आधी अक्षरं मोठी करून घेतात. अँड्रॉइडमध्ये आकार मोजायची दोन मापं आहेत, 'एसपी' आणि 'डीपी'. अक्षराचा आकार 'एसपी'त दिला तर तो त्या सेटिंगप्रमाणे वाढतो. 'डीपी'त दिला तर ढिम्म हलत नाही. अँड्रॉइड १४ पासून तर अक्षर २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतं. तेवढं वाढवलं की 'सोयाबीन पिवळा' एका ओळीत मावत नाही. मी नाव दुसऱ्या ओळीत जाऊ देतो आणि भाव त्याखाली घेतो. अँड्रॉइड ८ पासून मजकूर जागेत बसेपर्यंत आपोआप बारीक करायची सोय आहे, पण मी ती वापरत नाही. माणसानं मुद्दाम मोठं केलेलं अक्षर आपण परस्पर बारीक करायचं, हा शुद्ध आगाऊपणा झाला.

रंगाचंही तसंच. वेब सुलभतेचे निकष साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ एवढा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर नि त्यामागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, सांगतात. फिकट राखाडी अक्षरं एसीत बसून छान दिसतात. मार्चच्या उन्हात तूर घेऊन आलेल्या एका काकांनी फोन माझ्यापुढे धरला: "भाऊ, भाव लिवला हाये का कोराच ठेवला? मले तं काईच दिसत नाई."

अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोहही टाळतो, शिरोरेषेचे तुकडे पडतात. शिवाय गावात पुष्कळ फोन इंग्रजीवर लावलेले असतात. तिथं 'शेतमाल'मधले श आणि ल हिंदी वळणाचे येतात. टेक्स्टव्ह्यूला मजकुराची भाषा मराठी सांगितली, आणि फाँटमध्ये ती रूपं असली, की आपले श-ल येतात.

हे सगळं प्रत्येक स्क्रीनवर पुन्हा कोण करत बसणार? म्हणून टेक्स्टव्ह्यूवरून स्वतःचा एक क्लास, म्हणजे कोडचा साचा, काढला नि सगळीकडे तोच वापरतो. सेटिंगप्रमाणे अक्षर वाढण्याला आयफोनवर 'डायनॅमिक टाइप' म्हणतात, आणि यूआयलेबलला, म्हणजे तिथल्या टेक्स्टव्ह्यूच्या भावाला, ते पाळायला वेगळं सांगावं लागतं. ते काम अजून हाती घेतलेलं नाही. आमच्या यार्डात आयफोनवाला अडत्याही अजून दिसायचा आहे.