फॉर्म्युला वनमध्ये निको हल्केनबर्ग पाचवा!!
जून २०२५ची बार्सिलोनाची रेस बघून अजून डोकं शांत होत नाहीये. पंधराव्या नंबरवरून सुरुवात आणि तीही सॉबर टीमच्या गाडीतून, पॉइंट्स मिळतील असंसुद्धा वाटलं नव्हतं खरं तर. पण अँटोनेलीची गाडी बंद पडली, सेफ्टी कार (सगळ्यांना हळू, एकामागे एक चालवायला लावणारी गाडी) आली आणि निकोकडे जपून ठेवलेले नवे सॉफ्ट, म्हणजे जास्त पकड देणारे टायर होते, मग काय, रीस्टार्टनंतर भावाने थेट हॅमिल्टनच्या फेरारीला गाठून मागे टाकलं!! वर्स्टॅपेनला पेनल्टी लागली म्हणून अजून एक जागा वर गेला हे मान्य, पण हॅमिल्टनला त्याने ट्रॅकवरच पास केलंय. १० पॉइंट्स! २०२४च्या अख्ख्या सीझनमध्ये सॉबरला मिळाले होते ४. तेव्हा वय ३७, तोपर्यंत एकही पोडियम (पहिल्या तिघांत नंबर) नाही, तरी काय चालवतो यार हा माणूस