आंबिल ओढ्याच्या वरच्या अंगाला एक पर्जन्यबाग: पहिल्या पावसाळ्याची नोंद

मंडळी, धनकवडीच्या उतारावरच्या आमच्या सोसायटीतली पर्जन्यबाग, म्हणजे गच्चीवरचं पाणी अडवून जमिनीत जिरवणारी उथळ, खोलगट बाग, एक अख्खा पावसाळा काढून बसली आहे. मे महिन्यात खोदाई, मृग लागता लागता लागवड, आणि परतीचा पाऊस गेल्यावर आता ही नोंद. ज्यांना आपल्या आवारात असं काही करायचंय त्यांच्यासाठी आधीच सांगतो: रोपांचा विचार शेवटी करा. आधी जमीन पाणी पिते का ते बघा. आमचा निम्मा वेळ त्यातच गेला आणि तो सत्कारणी लागला.

जागेविषयी थोडं. आमच्या गच्चीवरचं पाणी डाउनटेकमधून, म्हणजे भिंतीलगतच्या उभ्या पाइपातून, खाली यायचं, पेव्हर ब्लॉकवरून घसरत फाटकाबाहेर पडायचं, तिथून पावसाळी गटारात आणि पुढे आंबिल ओढ्यात. कात्रजच्या डोंगरात उगम पावून धनकवडी, पद्मावती, सहकारनगर, दांडेकर पूल असं करत मुठेला मिळणारा हा ओढा २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काय करू शकतो हे पुण्याने पाहिलं. अरण्येश्वरजवळ टांगेवाला कॉलनीत भिंत पडली; पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतर जी चर्चा झाली ती बहुतेक खालच्या अंगाची: सीमाभिंती, पूल, पात्रातली बांधकामं. ती हवीच. पण वरच्या अंगाला आम्ही शेकडो सोसायट्या मिळून तासाभरात ओढ्यात काय ओततो, हा हिशोब कुणी मांडत नाही. एका बागेने तसा पूर अडत नाही, हेही इथेच लिहून ठेवतो. आकडे पुढे येतीलच.

सोसायटीच्या सभेत तीन आक्षेप आले: डास होतील, पाया भिजेल, पार्किंगची जागा जाईल. तिसरा खरा होता. दीड स्कूटरची जागा गेली. पायासाठी आम्ही बाग इमारतीपासून दहा फूट लांब घेतली आणि तळाचा उतार कुंपणाकडे दिला. डासांचं उत्तर सोपं आहे, पण ते प्रत्येक वेळी नव्याने द्यावं लागतं. अंड्यापासून डास उडायला आठवडाभर तरी लागतो. बागेतलं पाणी दोन दिवसांत जिरलं तर अळीला मोठं व्हायला वेळच मिळत नाही. न जिरणारी बाग म्हणजे मात्र डबकं, म्हणूनच जिरण्याची चाचणी. शेवटी मत फिरलं ते वेगळ्याच मुद्द्यावर. पावसाचं पाणी जिरवणं, गांडूळखत, सौरऊर्जा यांसाठी महापालिका सामान्य करात ५ ते १० टक्के सवलत देते. आमच्याकडे गांडूळखताचा हौद आधीपासून आहे, त्यामुळे जोडीला हे आलं की दहा टक्क्यांचा दावा करता येतो, हे खजिनदार काकांनीच उभं राहून सांगितलं. पर्यावरणावरचं माझं भाषण वाया गेलं, पण काम झालं.

आता चाचणी. फूटभर खोल खड्डा, त्यात पाणी, बाजूला पट्टी, आणि घड्याळ. एवढंच. पण पुण्यात यात एक मेख आहे. आमच्या फाटकाजवळ काळी माती आहे. मे महिन्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा असतात आणि ओतलेलं पाणी बघता बघता गायब होतं. माणूस खूश होतो. तीच माती आषाढात फुगते, भेगा मिटतात, आणि पाणी हलत नाही. म्हणून खड्डा तीनदा काठोकाठ भरून जिरू द्यायचा आणि चौथ्या वेळी मोजायचं. तसं मोजल्यावर फाटकाजवळ तासाला जेमतेम एक सेंटिमीटर उतरलं. मागच्या कुंपणाजवळ, जिथे वीतभर मातीखाली मुरूम लागतो, तिथे पाच ते सहा. बाग मागे गेली. फाटकाजवळ शोभली असती, हे सेक्रेटरी काका अजून ऐकवतात.

ज्यांच्याकडे मुरूमही नाही, थेट काळा पाषाण आहे, त्यांनी निराश होऊ नये, पण शोषखड्ड्याच्या जाहिरातींना भुलूही नये. आपल्याकडच्या बेसॉल्टचे थर एकसारखे नाहीत: एखादा सच्छिद्र, एखादा भेगाळलेला, एखादा निव्वळ घट्ट. शेजारच्या इमारतीत खड्डा चालला म्हणून तुमच्याकडे चालेलच असं नाही. तिथे जिरवण्याचा हट्ट सोडून पाणी नुसतं थांबवावं: टाकीत साठवावं किंवा बागेत अडवून तासा-दोन तासांनी हळू सोडावं. ओढ्याला त्याचाही उपयोग आहे.

बागेची मापं. सहा मीटर लांब, दोन रुंद, काठापासून तळ पंधरा सेंटिमीटर. उतरते काठ आणि जादा पाणी बाहेर काढणाऱ्या सांडव्याची पातळी धरून वरती हजार लिटरच्या आसपास पाणी उभं राहतं. खाली दीड फूट भराव: निम्म्याहून जास्त वाळू, बाकी मूळची माती आणि थोडं खत. खत हात राखून घाला. जास्तीचं विरघळून पाण्याबरोबर खाली जातं. नदीची वाळू घ्यायची नाही असं ठरलं होतं, म्हणून क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, आणली, पण धुतलेली. न धुतलेल्या क्रश सँडमधली पूड पहिल्याच पावसात खाली बसते आणि सिमेंटसारखा पापुद्रा धरते. भरावातल्या पोकळ्यांत आणखी हजारएक लिटर मावतं.

एका डाउनटेकवर शंभर चौरस मीटर गच्ची येते. म्हणजे वीस मिलिमीटर पाऊस झाला की दोन हजार लिटर. पंधरा टक्के ओलं होण्यात आणि उडण्यात गेले तरी सतराशे. हे बागेत आरामात बसतं. पन्नास मिलिमीटर तासाभरात कोसळला तर सव्वाचार हजार, आणि मग सांडवा लागतो. सांडव्याचा काठ बागेच्या काठापेक्षा पाच सेंटिमीटर खाली ठेवलाय आणि तिथून नळी जुन्याच पावसाळी चेंबरमध्ये जाते. सांडवा नसलेली पर्जन्यबाग करू नका, कुणी कितीही सांगो.

जिथे पाणी आत पडतं तिथे दगडगोटे आणि त्याआधी वीटकामाची छोटी गाळकुंडी केली. गच्चीवर कबुतरं आहेत, त्यामुळे मोसमाचा पहिला पाऊस बागेत न घेता सोडून दिला. गाळकुंडीची कल्पना काही नवी नाही. पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात नळ आणला, तेव्हा वाटेवर उच्छ्वास नावाची बांधीव कुंडं होती, आणि गाळ बसवणं हे त्यांचं एक काम होतं. आमच्या कुंडीची ऐपत बादलीभर गाळाची, पण पावसाळ्यात ती दर आठवड्याला उपसावी लागली.

सगळ्यात शिकण्यासारखं जे दिसलं ते हे. जुलैमध्ये बाग एकदाही भरली नाही. पुण्याचा जुलै म्हणजे दिवसभर भुरभुर. छत्री वाळत नाही, पण डाउनटेकमधून धारसुद्धा धड येत नाही. बाग तुंबली ती जूनच्या सुरुवातीच्या गडगडाटात आणि नंतर ऑक्टोबरमध्ये, दुपारी ढग चढून संध्याकाळी कोसळला तेव्हा. ऑक्टोबरचा पाऊस जास्त अवघड, कारण जमीन आधीच पोट भरून बसलेली असते. त्या संध्याकाळी सांडवा बराच वेळ वाहत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं होईतो पृष्ठभाग कोरडा होता. म्हणजे मापं ठरवताना वार्षिक सरासरी बघून उपयोग नाही, ऑक्टोबरची एक संध्याकाळ डोळ्यांसमोर ठेवा.

आता रोपं. पर्जन्यबागेची आजची रीत अमेरिकेत मेरिलँडमधल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत १९९० च्या सुमारास रुजली. तिथे पाऊस वर्षभर विभागून पडतो. इंटरनेटवरच्या रोपांच्या याद्या त्या हवामानाच्या आहेत. आपल्याकडे रोपाला चार महिने पाय पाण्यात ठेवून उभं राहायचं आणि पुढचे आठ महिने कोरड्या मुरमात तग धरायचा. असं दुहेरी आयुष्य जगणारी झाडं आपल्या डोंगरांवर आहेतच, रोपवाटिकेत मात्र कमी मिळतात. रानहळद आणि पेव या बाबतीत हुशार: पावसात तरारतात आणि कोरड्या दिवसांत कंद जमिनीत ठेवून वरचं सगळं आवरून घेतात. दोन्ही छान लागली. वाळ्याने तर काठ धरून ठेवला. त्याच्या मुळ्या सरळ खोल जातात आणि पाण्याला वाटही करून देतात. निरगुडी काठावर वरच्या बाजूला आहे, तिला काहीच तक्रार नाही. कर्दळ जोरात आहे, पण उन्हाळ्यात पाणी मागेल, म्हणून ती फक्त दगडगोट्यांजवळ. अळू लावायचा आग्रह दोन घरांतून झाला. गच्चीचं पाणी, त्यात कबुतरं, म्हणून खायचं काही लावायचं नाही यावर मी अडून बसलो. लव्हाळा हे तण न लावता आलं, ते येणारच होतं. रविवारी सकाळी चहा घेऊन खुरपं चालवायचं, दुसरा इलाज नाही.

पाचोळ्याचं आच्छादन इथे चालत नाही. पहिल्या जोराच्या सरीत तो तरंगून सांडव्याच्या जाळीवर जाऊन बसला, आणि वॉचमन मामांनी काठीने तो सोडवला. आता तिथे खडी आहे.

पुढचं काम दुसऱ्या डाउनटेकचं, आणि ते पार्किंगच्या बाजूला आहे. तिथे गाड्यांचं तेल फरशीवर असतं, त्यामुळे फरशीचं पाणी आणि गच्चीचं पाणी वेगळं ठेवावं लागेल. बोअरमध्ये थेट सोडण्याची सूचना आली आहे. गाळणी नीट नसेल तर मी त्याला हात लावू देणार नाही, सोसायटीत वाईटपणा आला तरी चालेल. तेल धरणारं चेंबर छोट्या जागेत कुणी केलं असेल तर मापं पाठवा. जानेवारीत रानहळद झोपली की तिचे गड्डे काढून वेगळे करणार आहे. धनकवडी, बालाजीनगर, कात्रजकडच्या ज्यांना हवेत त्यांनी पिशवी घेऊन यावं, आणि आपल्या खड्ड्याची चौथ्या वेळची मापं सोबत आणावीत.