बचत गट, लोणचं आणि मजुरीचा हिशोब

गोव्यात कुठेही कसलाही महोत्सव असू दे, बचत गटाच्या स्टॉलवर काय असणार ते न बघता सांगता येतं. आमसुलं, आगळ, तोरांचं लोणचं, फणसाचे पापड, खाजं. पाहुणे येतात, फोटो होतो, भाषणात महिला सक्षमीकरण चारपाच वेळा येऊन जातं आणि रात्री उरलेल्या बरण्या परत बसमधून आमच्या डिचोली तालुक्यात. आमच्या गटातल्या बायका जातात, मीही जाते, मजा येते, नाही कशाला म्हणू. पण बायकांच्या हातात पैसा त्या स्टॉलमुळे आला असं कोणी म्हणालं की मला हसू येतं.

पैसा कुठून येतो ते सांगते. पंधरा जणींचा गट धरा, महिन्याला प्रत्येकी 100 रुपये, वर्षाचे झाले 18,000. एवढ्याने काय होणार, असं घरातले पुरुष सुरुवातीला म्हणायचेच. पण ते पैसे बँकेत नुसते पडून राहत नाहीत ना, गटातच फिरतात. मे महिन्यात पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं सामान भरायचं असतं, सुकी मासळी, मिरची, कडधान्य, लगेच जूनमध्ये शाळा, वह्या, रेनकोट, युनिफॉर्म, आणि काजूचे पैसे तोवर संपत आलेले. अशा वेळी मिटिंगमध्ये "मला तीन हजार पाहिजेत" म्हणायचं, वहीत ठराव लिहायचा, सह्या करायच्या आणि पैसे घेऊन घरी यायचं. व्याज शेकडा दोन रुपये महिना, म्हणजे वर्षाला 24 टक्के, ऐकायला जास्त वाटतं खरं, पण ते व्याज परत आपल्याच गटात जमा होतं आणि बांगडी गहाण पडत नाही, नवऱ्याकडे हात पसरावा लागत नाही, सासूला कारण सांगत बसावं लागत नाही. माझ्या मते सगळा बचत गट ह्या एका गोष्टीवर उभा आहे.

नाबार्ड म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाची राष्ट्रीय बँक, तिने 1992 मध्ये देशात 500 गट बँकांना जोडायचा प्रयोग सुरू केला तेव्हाही रीत हीच होती, आधी बचत, कर्ज मागून. 2011 मध्ये केंद्र सरकारचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान आलं आणि आता ट्रेनिंगला पंचसूत्री पाठ करून घेतात: नियमित मिटिंग, नियमित बचत, गटातल्या गटात कर्ज, वेळेवर परतफेड, हिशोबाची वही अपटुडेट. पाठ सगळ्यांना आहे. वही मात्र एकीच्याच गळ्यात, जी दहावी शिकलेली तिच्या. ती बाळंतपणाला माहेरी गेली की गट थंड, असे गट बघितलेत मी.

गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी 2012 ला बंद झाल्या, परत 2018 ला, तेव्हा आमच्या पट्ट्यात खनिज वाहणारे ट्रक दारात उभे आणि हप्ते अंगावर. ते दिवस ज्यांनी काढले त्यांना विचारा घर कशावर चाललं ते. गृह आधार योजनेत राज्य सरकार गृहिणींना महिन्याला देतं ते पैसे, गटातलं लोन, परसातली भाजी आणि दुसऱ्यांच्या काजूत मजुरी. बायकांनी घर चालवलं, त्याचा कोणी महोत्सव केला नाही.

आता लोणच्या-पापडांकडे येते. फणसाचे पापड घ्या. फणस झाडाचा, म्हणून फुकट धरायचा. हाताला तेल लावून तो फोडायचा, गरे काढायचे, उकडायचे, वाटायचे, थापायचे, मग कावळे आणि मळभ दोन्हीकडे लक्ष ठेवत वाळवायचे. पॅकेटचा भाव ठरवताना मीठमिरची धरतात, पिशवी धरतात, लेबल धरतात, आणि तीन बायकांच्या अख्ख्या दिवसाचे? शून्य. तीच बाई काजूच्या बागेत गेली तर संध्याकाळी हजेरी हातात पडते. मिटिंगमध्ये मी हे काढलं तर एक काकी म्हणाली, "अगं, घरातच तर बसून करतो." हेच तर! घरात बसून केलेलं काम कामात धरायचंच नाही, ही सवय आपणच आपल्याला लावून घेतलीय, आणि गिऱ्हाईक तर काय, दहा रुपये कमी करा म्हणायला तयारच असतं. काणकोणच्या खोला मिरचीला 2020 मध्ये जीआय, म्हणजे त्या गावच्या मालाचं नाव दुसऱ्याला वापरता येऊ नये म्हणून मिळणारं मानांकन मिळालं, डोंगराच्या उतारावर पावसाच्या पाण्यावर बायकांनी राबून पिकवलेली मिरची ती, तिचं नाव झालं तसं सगळ्याच मालाचं होईल असं नाही, पण निदान मजुरी तरी भावात धरा.

मला विचाराल तर आमच्या भागातला खरा धंदा चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधीचा आहे. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीचं सामान. रानातली फळं, वेली, कांगला, कुठल्या झाडाला काय कधी लागतं हे बायकांना कोणी ट्रेनिंग देऊन शिकवलेलं नाही, आणि शहरातला माणूस त्याचे पैसे काचकूच न करता देतो कारण त्याला ते दुसरीकडे कुठे मिळत नाही. आजवर प्रत्येकजण आपापली टोपली घेऊन वेगवेगळी जायची, अर्धे पैसे भाड्यात आणि भाव ज्याला त्याला वेगळा. यंदा गटातर्फे टेम्पो करायचा ठरवलाय, भाडं गटाच्या पैशातून, भाव सगळ्यांचा एकच. म्हापशाला की फोंड्याला ह्यावर वाद चालू आहे. त्याहून मोठा वाद, चवथीच्या आदल्या दिवशी बाजारात बसायचं कोणी, कारण त्या दिवशी प्रत्येकीच्या घरी नेवऱ्या (करंज्या) तळायच्या असतात. दोघींनी सांगितलंय की यंदा नेवऱ्या नवरे तळतील. नवऱ्यांना अजून सांगितलेलं नाही.