गोडसे भटजी मिळाले, पण कुठले?

मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत भिलारला, म्हणजे महाबळेश्वरजवळच्या पुस्तकांच्या गावाला, जाऊन आलो ते सांगितलंच होतं. परत आल्यावर तुम्ही सुचवलेली अकरा पुस्तकं टेबलावर रचून ठेवली, त्यातलं एकही उघडलेलं नाही. अख्खा महिना 'माझा प्रवास'नं खाल्ला, म्हणजे गोडसे भटजींनी १८५७ च्या बंडात सापडून केलेल्या प्रवासाच्या हकिगतीनं.

झालं असं की भिलारला एका घराच्या पडवीत ते हाताला लागलं, झाशीच्या वेढ्यापर्यंत पोचलो आणि बायको म्हणाली, उठा आता, महाबळेश्वर राहिलंय. तिथली पुस्तकं बसून फुकट वाचायची, विकत मिळत नाहीत. स्ट्रॉबेरी तरी आणावी तर तिचाही सीझन लागायचा होता.

घरी येऊन जुन्या पुस्तकांच्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलं. साडेतीनशे रुपये, 'कंडिशन चांगली'. आलं ते पहिली पानंच गायब! साल नाही, प्रस्तावना नाही, डायरेक्ट मजकूर सुरू. वर नवीन बायंडिंग करताना कडा अशा कापल्यात की समासातल्या पेन्सिलच्या नोंदी अर्ध्या उडाल्या. असल्या बायंडरला पुस्तक देऊच नये.

घोळ असा की या पुस्तकाचा मजकूर दोन तऱ्हेचा मिळतो. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी छापलं ते भाषेवर आपला हात फिरवून, आणि मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी काढलं ते १९६६ साली. मला पोतदारांचं हवं होतं. माझ्याकडचं कुठलं? पान तिरकं धरून टॉर्च मारला, मागच्या बाजूला अक्षरांचा उठाव दिसला, म्हणजे खिळ्यांची (शिशाच्या टाइपाची) छपाई, म्हणजे जुनं, म्हणून खूश झालो. पण १९६६ लाही खिळेच होते की! हे डोक्यात शिरायला दोन रात्री गेल्या.

शेवटी शनिवारी लायब्ररीत गेलो. मॅडमनी पोतदारांची प्रत दिली, इथेच बसून बघा म्हणाल्या. झाशीचं प्रकरण शेजारी शेजारी लावलं, दुसऱ्याच ओळीला वाक्य जुळेना. म्हणजे माझं वैद्यांच्या वळणाचं. छडा लागला याचा आनंद इतका की भुर्दंड पडल्याचं विसरलोच.

परत करून दुसरी प्रत शोधायची असं ठरवून हे लिहायला बसलो होतो, पण आता वाटतंय कशाला? दर शनिवारी माझी प्रत लायब्ररीत घेऊन जायची आणि दोन्ही ओळीनं वाचायची, संपादकाचा हात कुठे कुठे फिरलाय ते तरी दिसेल. आणि भटजींचं गाव वर्सई पेण तालुक्यातच आहे, ठाण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल. कोण येतंय? अकरा पुस्तकं संक्रांतीनंतर, नक्की.

आत्ता परत चाळत होतो तर झाशीच्याच एका पानाच्या कडेला पेन्सिलनं लिहिलेलं दिसलं, 'हे मुळात'. पुढचं कटरनं नेलं.