ही बोटे किती?

शुक्रवार, ३० सप्टेंबर २०२२. नवरात्रातील ललिता पंचमीचा दिवस होता आणि टेंभी नाक्यावरच्या देवीची गर्दी वाढण्याआधी ठाणे स्टेशन गाठायचे म्हणून मी पहाटेच उठलो होतो. चहा उकळेपर्यंत अमेरिकन फुटबॉलचा सामना लावला. हा नाद मला अमेरिकेत राहणाऱ्या भाच्याने लावला आहे. तिकडे सिनसिनाटीत गुरुवारी रात्री रंगणारा सामना इकडे पावणेसहाला सुरू होतो, एवढीच त्यातली सोय. दुसऱ्या सत्रात मायामी डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाचे आक्रमण चालवणारा खेळाडू, टुआ टॅगोवायलोआ याला प्रतिस्पर्ध्याने गरकन फिरवून जमिनीवर आपटले आणि तो उताणा पडून राहिला. त्याच्या हातांची बोटे चेहऱ्यासमोर वेडीवाकडी ताठरली होती. मेंदूला जोराचा धक्का बसल्याची ती ओळखीची खूण आहे, हे मला नंतर कळले. त्या क्षणी चहा उतू गेला एवढेच आठवते.

मात्र या प्रसंगाची सुरुवात चार दिवस आधी झाली होती. २५ सप्टेंबरला बफेलो बिल्सविरुद्ध खेळताना टुआचे डोके मैदानावर आदळले, तो उठला, त्याने डोके झटकले आणि दोन पावले टाकून तो गुडघ्यांवर कोसळला. सहकाऱ्यांनी त्याला सावरून धरले. त्याची तपासणी झाली, अडखळण्याचे कारण पाठीची दुखापत असल्याचे ठरले आणि उत्तरार्धात तो पुन्हा मैदानात उतरला. डॉल्फिन्सने तो सामना २१-१९ असा जिंकला. पुढे हे सामने भरवणारी लीग, म्हणजे एनएफएल, आणि खेळाडूंची संघटना यांनी मिळून चौकशी केली, तेव्हा नियमांचे पालन झाले होते, परंतु नियम करताना जो परिणाम अपेक्षित होता तो साधला नाही, असा निष्कर्ष निघाला. अडखळण्याचे खापर ज्या पाठीवर फोडले, ती पाठ मेंदूच्या तपासणीच्या वेळी पुन्हा तपासलीच गेली नव्हती. आधी झालेल्या तपासणीवरच विसंबून निर्णय झाला होता. सरकारी कचेरीत जन्म घालवलेल्या मला ही भाषा चांगलीच परिचयाची वाटली. ८ ऑक्टोबरला नियम बदलला आणि डोक्याला मार लागल्यानंतर तोल, हालचालींचा मेळ किंवा बोलणे बिघडलेले दिसले, तर खेळाडूला त्या दिवशी परत उतरवायचे नाही, असे ठरले. पाठीचे निमित्त पुढे करण्याची वाट बंद झाली.

या लीगचा पूर्वेतिहास पाहिला, तर एवढ्या साध्या नियमाला इतका काळ का लागावा याचा उलगडा होतो. मेंदूच्या दुखापतींवर १९९४ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद एलियट पेलमन यांच्याकडे होते, आणि ते संधिवाताचे तज्ज्ञ होते. २००२ साली पिट्सबर्ग स्टीलर्सचा एकेकाळचा दिग्गज माइक वेबस्टर वयाच्या पन्नाशीत वारला, तेव्हा बेनेट ओमालू या विकृतिशास्त्रज्ञाने त्याच्या मेंदूत वारंवारच्या आघातांनी होणारा ऱ्हास शोधला, आणि २००५ साली तो प्रसिद्ध केल्यावर त्याच समितीच्या सदस्यांनी तो शोधनिबंध मागे घेण्याची मागणी केली. खेळाचा या रोगाशी संबंध आहे, हे लीगच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने अमेरिकी काँग्रेससमोर मान्य करेपर्यंत २०१६ साल उजाडले. २०१७ सालच्या एका अभ्यासात लीगमध्ये खेळलेल्या १११ दिवंगत खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूत हा ऱ्हास आढळला. हा आकडा ऐकून घाबरण्याआधी हे लक्षात घ्यावे, की ज्या कुटुंबांना आधीच शंका होती त्यांनीच बहुधा मेंदू दान केले होते, त्यामुळे सगळ्या खेळाडूंचे प्रमाण त्यावरून काढता येत नाही. शिवाय या रोगाचे पक्के निदान आजही मृत्यूनंतरच होते.

आपल्याकडे अनेकांना वाटते की इतके जाडजूड हेल्मेट असताना काय होणार? हेल्मेट कवटी फुटू देत नाही, ते त्याचे काम चोख करते. परंतु डोके अचानक थांबले किंवा गरकन वळले, की आत द्रवात तरंगणारा मेंदू हिंदकळतो, आणि ते हिंदकळणे बाहेरच्या आवरणाला पूर्णपणे रोखता येत नाही. म्हणूनच खरा प्रश्न दुखापत झाल्यानंतर खेळाडूला बाहेर कोण काढणार, हा उरतो. लीगने २०१३ पासून संघाच्या पगारावर नसलेले मेंदूतज्ज्ञ मैदानाच्या कडेला उभे केले, आणि वरून पडद्यावर नजर ठेवणाऱ्या निरीक्षकाला २०१५ पासून सामना थांबवण्याचा अधिकार दिला. या दोन्हींमागचे तत्त्व मला सर्वांत मोलाचे वाटते: ज्याला जिंकण्याची घाई आहे त्याच्या हातात हा निर्णय ठेवू नये, आणि खेळाडूच्या हातात तर नाहीच, कारण ज्या अवयवाने त्याने उत्तर द्यायचे त्याच अवयवाला मार लागलेला असतो.

हे मी तिऱ्हाईताच्या थाटात लिहितो आहे, पण तसे लिहिण्याचा मला अधिकार नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी कळव्यात मी एका कबड्डी संघाचा व्यवस्थापक होतो. रात्रीच्या स्पर्धेत, उपांत्य फेरीत, आमचा सर्वांत चांगला चढाईपटू साखळी पकडीत सापडला आणि त्याचे डोके मातीवर आपटले. तो उठला आणि प्रतिस्पर्ध्यांच्याच अंगणात जाऊन उभा राहिला. प्रेक्षक हसले, आम्हीही हसलो. कोणीतरी तोंडावर पाणी मारले, मी तीन बोटे दाखवून किती म्हणून विचारले, त्याने तीन म्हटले आणि मी त्याला परत पाठवले. राखीव बाकावर मुले बसलेली होती. त्याने दोन गुण आणले आणि आम्ही जिंकलो. परतताना खाडीपुलावर रिक्षात त्याने मला विचारले, ‘दादा, आपण जिंकलो का?’ मी हो म्हटले. पूल संपायच्या आत त्याने तोच प्रश्न आणखी चार वेळा विचारला. पुढे कित्येक आठवडे त्याचे डोके दुखत होते. तो बरा झाला, पण ते दोन गुण त्याला आजतागायत आठवत नाहीत.

लक्षणे उशिराने दिसतात, हे तर क्रिकेटनेही दाखवले आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेवर बसल्यावर स्टीव्ह स्मिथ तपासणीत उत्तीर्ण होऊन परतला, ९२ धावांवर बाद झाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याला सामन्याबाहेर बसवावे लागले. बदली खेळाडूचा नियम त्याच महिन्यात लागू झाला होता म्हणून मार्नस लाबुशेन त्याच्या जागी फलंदाजीला येऊ शकला. ज्या खेळात बदली मिळत नव्हता तिथे संघांची अडचण समजण्यासारखी होती. कबड्डीत ती सबबही नाही.

गेल्या वर्षी आमच्या विभागातील स्पर्धेसाठी मी एक पानभर नियम लिहून दिले. डोके आपटल्यावर जो अडखळेल, चुकीच्या बाजूला जाईल किंवा तेच ते विचारेल, त्याला त्या रात्री उतरवायचे नाही, आणि निर्णय दोन्ही संघांशी संबंध नसलेल्या फिजिओथेरपिस्टने घ्यायचा. संघांनी नाके मुरडली, तरी मान्य केले. नेमका अंतिम सामन्यात आमच्याच चढाईपटूचा तोल एकदा गेला आणि त्याला बाहेर बसवले गेले. आम्ही चार गुणांनी हरलो. तो मुलगा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, आणि बोलला तेव्हा उरलेल्या अकरा मिनिटांतील एकेक चढाई, एकेक चुकलेली पकड त्याने मला क्रमाने ऐकवली. त्यात एकही चूक नव्हती. कदाचित त्याला त्या रात्री काहीच झाले नसेल.